पाच काका आणि एक हीरो

संध्याकाळचे साडेसहा. दादर यायला दोन मिनिटं. तुम्ही डब्याच्या मधोमध अडकलेले. दरवाजा आणि तुमच्यामध्ये किमान पंधरा माणसं, आणि प्लॅटफॉर्मवर आत घुसायला टपलेली आणखी पन्नास. अशा वेळी मुरलेला मुंबईकर काय करतो? स्वतः धक्काबुक्की करत नाही. तो एक धिप्पाड काका हेरतो, 'दादर?' असं विचारतो आणि काकांनी मान हलवली की त्यांच्या पाठीला चिकटून उभा राहतो. गाडी थांबते, काका निघतात, गर्दी फाटते आणि आपण शर्टाची इस्त्रीही न मोडता प्लॅटफॉर्मवर!

आता समजा, ऐन वेळी काकांचा मोबाइल वाजला. काका फक्त अर्धा सेकंद थबकले. संपलं! समोरची फट बुजली, बाहेरची झुंड आत आली आणि तुम्ही थेट माटुंग्याला.

अमेरिकन फुटबॉलमधला 'रनिंग गेम' कळायला एवढं पुरेसं आहे. खरंच!

थांबा, पान उलटू नका. तुमच्या ऑफिसात यूएस शिफ्टवाली एक गँग असेलच. सुपर बोलच्या सोमवारी ही मंडळी पहाटे पाचला अलार्म लावून उठतात आणि दिवसभर डोळे चोळत फिरतात. त्यांना 'कोण भारी?' म्हणून विचारा. ते क्वार्टरबॅकचं नाव घेतील, नाही तर बॉल घेऊन सुसाट पळणाऱ्या रनिंग बॅकचं. त्याच्यापुढे रस्ता मोकळा करणाऱ्या पाच जणांची नावं विचारलीत, की मात्र सगळे कॉफी मशीनकडे पळतील. आजचा कॉलम या पाच जणांसाठी.

आधी फंडे क्लिअर करू. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे बॉल आहे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. एक यार्ड म्हणजे तीन फूट. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर बॉल समोरच्यांना. पुढे जायचे मार्ग दोन : बॉल हवेतून फेका, किंवा रनिंग बॅकच्या हातात द्या आणि त्याला पळू द्या. त्याच्या पुढ्यात पाच जणांची भिंत असते. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. हीच ती ऑफेन्सिव्ह लाइन. एकेकाचं वजन एकशे चाळीस किलोच्या आसपास. सेंटर सुरुवातीला बॉल मागे देतो तेवढंच, बाकी चौघांना अख्ख्या मॅचमध्ये बहुतेक वेळा बॉलचा स्पर्शही होत नाही. स्टेडियममध्ये त्यांचा उल्लेख होतो तो त्यांनी घोळ घातल्यावरच. (ओळखीचं वाटतंय ना? आपल्या ऑफिसातले सिस्टिमवाले आठवले ना?)

आता साधा हिशेब. दर धावेला चार यार्ड मिळाले, तर तीन धावांत बारा. काम फत्ते. पण सरासरी तीनवर आली, तर तीन धावांत नऊच, म्हणजे एक यार्ड कमी! चौथ्या प्रयत्नाला बहुतेक टीम्स धोका न पत्करता लाथ मारून बॉल लांब पाठवून देतात. फरक आहे फक्त तीन फुटांचा. त्या तीन फुटांत करिअर घडतात आणि बिघडतातही.

हे तीन फूट मिळवून देतात आपले पाच काका. त्यांचं काम नुसती ढकलाढकली आहे, असं वाटत असेल तर चूक! अनेकदा दोघं मिळून समोरच्या एकाला रेटतात. तो मागे सरकला की दोघांपैकी एक जण त्याला सोडून मागच्या फळीतल्या पुढच्या माणसावर जातो. कोणी सोडायचं आणि कधी? बोलायला वेळ नसतो. शेजाऱ्याच्या खांद्याचा दाब आपल्या खांद्याला जाणवतो, त्यावरून ठरतं. कधी एखादा गार्ड आपली जागा सोडून पाठीमागून धावत दुसऱ्या बाजूला जातो आणि तिथे वाट मोकळी करतो. हा सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. आणि इथली परीक्षा फार दुष्ट आहे. पाचपैकी चार जणांना पैकीच्या पैकी आणि एक नापास, तर धाव नापास! कारण नापास झालेल्याच्या जागेतून आत घुसलेला गडी थेट रनिंग बॅकला येऊन भिडतो.

बरं, नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. पहिल्याच धावेत दोन यार्ड मागे गेलात, तर आता तीन प्रयत्नांत बारा हवेत. म्हणजे बॉल फेकावा लागणार, हे समोरच्यांनाही कळतं. मग ते बिनधास्त क्वार्टरबॅकच्या अंगावर सुटतात. गळका नळ एकच, पण पाणी अख्ख्या घरात!

थिअरी पुरे. आता एका शहराची गोष्ट. फिलाडेल्फिया. टीम ईगल्स.

२०१३. चिप केली हा नवा कोच आला होता. त्या हंगामात ईगल्सच्या लाइनमधले पाचही जण सगळ्या सोळा मॅच सुरुवातीपासून खेळले. जेसन पीटर्स, एव्हन मॅथिस, जेसन केल्सी (हो, टेलर स्विफ्टच्या ट्रॅव्हिस केल्सीचा मोठा भाऊ!), टॉड हेरेमन्स आणि नवखा लेन जॉन्सन. त्यांच्या मागून पळणारा लशॉन मकॉय ३१४ धावांत १,६०७ यार्ड गेला. लीगमध्ये पहिला.

२०१४. मकॉय तोच, कोच तोच. लाइन मात्र खिळखिळी झाली. मॅथिसचा गुडघा पहिल्याच मॅचमध्ये गेला, केल्सीचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, जॉन्सनवर चार मॅचची बंदी आली आणि पुढे हेरेमन्सचा दंड दुखावला. मकॉयचा आकडा? ३१२ धावा, १,३१९ यार्ड. फक्त दोन धावा कमी, पण यार्ड २८८ने घटले! माणूस तोच, मेहनत तेवढीच. समोरची भिंत तेवढी बदलली.

आता तुम्ही बॉस असता तर काय दुरुस्त केलं असतं? भिंत? चिप केलीनं हीरो बदलला.

२०१५च्या सुरुवातीला खेळाडू निवडण्याचे अधिकार त्याच्या हातात आले. त्यानं मकॉयला बफेलोला धाडलं. हेरेमन्सला दहा हंगामांनंतर नारळ दिला. मॅथिसनं करार सुधारून मागितला, तर जूनमध्ये त्यालाही निरोप. एका उन्हाळ्यात दोन्ही गार्ड गायब! २०१४ आणि २०१५ या दोन्ही ड्राफ्टमध्ये ईगल्सनं ऑफेन्सिव्ह लाइनसाठी एकही नवा मुलगा घेतला नव्हता. आणि आणलं कोणाला, तर डीमार्को मरेला. डॅलस काउबॉइजचा सुपरस्टार, पाच वर्षांचा करार, सुमारे चार कोटी डॉलर.

मरे ऐरागैरा नव्हता. २०१४मध्ये डॅलससाठी त्यानं १,८४५ यार्ड काढले होते. हंगामाच्या सुरुवातीला सलग आठ मॅचमध्ये शंभराच्या वर, हा विक्रम. वर्षातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू हा किताबही त्याचाच. पण त्याच्या पुढ्यात कोण होतं, हेही बघा. टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन. डॅलसनं २०११, २०१३ आणि २०१४च्या ड्राफ्टमध्ये आपली पहिल्या फेरीची निवड लाइनच्या या तिघांवर खर्च केली होती. मरेला हे पुरेपूर ठाऊक होतं. २०१४च्या ख्रिसमसला त्यानं आपल्या लाइनमधल्या गड्यांना आयमॅक भेट दिले!

आणि तरी तो गेला. डॅलस तेवढे पैसे मोजायला तयार नव्हतं. फिलाडेल्फिया होतं. आपणही गेलोच असतो, खोटं कशाला बोला?

२० सप्टेंबर २०१५. मरेची फिलाडेल्फियातली पहिली होम मॅच, आणि समोर कोण, तर डॅलस. ज्यांना सोडून आलो त्यांनाच दाखवून द्यायची संधी! मरेच्या हातात तेरा वेळा बॉल आला. एकूण कमाई दोन यार्ड. म्हणजे सहा फूट. पठ्ठ्या स्वतःच सहा फूट उंच आहे. बॉल घेऊन नुसता आडवा झाला असता तरी तेवढं अंतर झालं असतं! आधीच्या मॅचमधले आठ धावांतले नऊ यार्ड धरले, तर दोन मॅचमध्ये एकवीस धावा आणि अकरा यार्ड. बॉल हातात येईपर्यंत समोरची फट बंद. तो वळेपर्यंत कोणीतरी कमरेला विळखा घातलेला. हंगामाअखेर सरासरी ३.६ आणि यार्ड ७०२.

तिकडे डॅलसमध्ये मरेच्या जागी आला डॅरन मॅकफॅडन. ओकलंडमध्ये सलग तीन हंगाम ज्याची सरासरी साडेतीनच्या खाली होती, तो मॅकफॅडन! लोकांनी त्याला केव्हाच निकालात काढलं होतं. त्या हंगामात डॅलसचा क्वार्टरबॅक टोनी रोमो दुसऱ्याच मॅचमध्ये गळ्याजवळचं हाड मोडून बसला आणि टीम सोळापैकी फक्त चार मॅच जिंकली. अशा पडत्या टीममध्ये मॅकफॅडननं १,०८९ यार्ड काढले, सरासरी ४.६. पुढच्याच वर्षी त्याच लाइनमागे इझिकिएल एलियट हा नवा मुलगा १,६३१ यार्ड पळून लीगमध्ये पहिला आला. दुकान तेच, गल्ल्यावरचा माणूस बदलला, धंदा सुरूच!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. मरे २०१४मध्ये तब्बल ३९२ वेळा बॉल घेऊन पळाला होता. एवढी आपटाआपटी झाल्यावर शरीर थकणारच. शिवाय केलीच्या पद्धतीत रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा राहून आधी आडवा सरकतो. मरेला मागून दौड घेत सरळ घुसायची सवय. म्हणजे सगळं खापर लाइनवर फोडणं अन्याय होईल. पण तो संपला होता, असंही नाही. २०१६मध्ये त्याला टेनेसीला पाठवलं गेलं. तिथल्या लाइनच्या दोन्ही टोकांना पहिल्या फेरीत निवडलेले दोन तगडे टॅकल होते. मरेनं १,२८७ यार्ड काढले, सरासरी ४.४. म्हणजे पाय शाबूत होते. वाट नव्हती.

केलीची नोकरी हंगामाची शेवटची मॅच बाकी असतानाच, २९ डिसेंबर २०१५ला गेली. आणि ज्याला त्यानं घरी पाठवलं तो मॅथिस? डेन्व्हरला गेला आणि फेब्रुवारी २०१६मध्ये सुपर बोल जिंकला. आता बोला!

फिलाडेल्फियानं मात्र धडा घेतला. २०१८मध्ये त्यांनी सातव्या फेरीत जॉर्डन मायलाटा नावाचा ऑस्ट्रेलियन रग्बीपटू निवडला. त्यानं तोवर अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच खेळली नव्हती! त्याला शिकवला, थांबला, घडवला. केल्सी २०२४मध्ये निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या जागेवरचा वारसदार कॅम जर्गन्स आधीच टीममध्ये तयार होता. थोडक्यात, आधी भिंत बांधली. आणि मगच २०२४मध्ये हीरो आणला : सकॉन बार्कली.

बार्कली २०२३मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडे होता. तिथली लाइन इतकी भुसभुशीत की त्या एका हंगामात त्यांचे क्वार्टरबॅक ८५ वेळा बॉलसकट आडवे झाले. बार्कलीची सरासरी ३.९ आणि यार्ड ९६२. 'गुडघे गेले, वय झालं,' अशी कुजबुज सुरू होती. फिलाडेल्फियात पहिल्याच वर्षी २,००५ यार्ड, सरासरी ५.८! एका हंगामात दोन हजार ओलांडणारा तो इतिहासातला फक्त नववा खेळाडू. फेब्रुवारी २०२५मध्ये ईगल्स सुपर बोल जिंकले. लाइनच्या उजव्या टोकाला कोण होता? २०१३मधला तोच नवखा लेन जॉन्सन. आणि २०२५च्या हंगामात जॉन्सन जायबंदी झाला, लाइनमधल्या इतरांनाही दुखापतींनी छळलं, तशी बार्कलीची सरासरी पुन्हा चारच्या आसपास उतरली. पाय तेच, बरं का!

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? हे अप्रेझलचं वाचन म्हणूनही चालेल, म्हणून. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या बोरिस ग्रोइसबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वॉल स्ट्रीटवरच्या हजारावर स्टार अ‍ॅनालिस्टचा अभ्यास केला आणि २००४मध्ये निष्कर्ष मांडले. कंपनी बदलल्यावर यातल्या बऱ्याच स्टार्सची कामगिरी घसरली. जे आपले सहकारी सोबत घेऊन गेले, ते तुलनेनं सावरले. हुशारी बॅगेत भरून नेता येते. आजूबाजूची माणसं नेता येत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी तीस टक्के हाइकची ऑफर आली की जरूर जा. पैसा कोणाला नकोय? फक्त सही करण्याआधी एक प्रश्न विचारा. पगाराचा नाही, डेझिग्नेशनचा नाही. माझ्या पुढे उभं कोण राहणार आहे, हा.

आणि सध्या जिथे आहात तिथे तुमची वाट मोकळी करणारे कोण, हे मनातल्या मनात मोजून बघा. रात्री दहाला फोन उचलणारा सिस्टिमवाला. तुमची एक्सेल शीट मुकाट्यानं दुरुस्त करून पाठवणारी शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण. आयमॅक नका देऊ हो, तेवढी आपली ऐपत नाही. कटिंग तरी पाजा.

दादरला उतरल्यावर मागे वळून काकांकडे बघायची आपल्याला सवय नाही. मरेला होती. तरीही त्याला माटुंग्याला उतरावं लागलं.