साडेपाच घोड्यांचा प्रश्न

जुनी वस्तू घेताना आपण सगळ्यात आधी किंमत विचारतो, आणि माझ्या मते तोच प्रश्न सगळ्यात कमी महत्त्वाचा असतो. मत आधीच सांगून टाकलं, म्हणजे नमनाला घडाभर तेल नको. (तेलाचा विषय पुढे येणारच आहे.)

तर झालंय असं, की इथे विस्कॉन्सिनमध्ये आमच्याकडे चौदा फुटी अॅल्युमिनियमची एक साधी होडी आहे. दोन उन्हाळे आम्ही ती वल्ह्यांनीच चालवतोय. आता तासाभराच्या अंतरावरच्या गावात एक आजोबा त्यांची मोटार विकायला बसलेत. १९५७ची जॉन्सन सी-हॉर्स, साडेपाच हॉर्सपॉवर, टाकीसकट अडीचशे डॉलर. तिकडच्या मंडळींसाठी सांगतो, आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळून बसवायची मोटार. वर इंजिन, मध्ये लांब पाय, खाली पाण्यात पंखा. काम झालं की उचलून घरी न्यायची.

ही वस्तू एका अर्थी इथलीच. ओले एव्हिनरूड नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या माणसाने मिलवॉकीत १९०९ साली आपली पहिली मोटार बाजारात आणली. दीड हॉर्सपॉवर आणि वजन ६२ पौंड! तळ्यापलीकडून आईस्क्रीम आणताना वल्ही मारमारून ते वितळलं आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, सांगायला छान आहे. पुढे जॉन्सन आणि एव्हिनरूड एकाच छत्राखाली आले, ती कंपनी २०००च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, नव्या मालकांनी जॉन्सन हे नाव काही वर्षांनी बंद केलं आणि २०२०मध्ये एव्हिनरूडच्या मोटारी काढणंही थांबवलं. म्हणजे मी ज्या मोटारीचा विचार करतोय तिला आता माहेर उरलेलं नाही.

गंमत म्हणजे माहेर गेलं तरी सुटे भाग मिळतात. पन्नासच्या दशकापासून सत्तरच्या दशकापर्यंत या कंपनीने लहानमोठ्या कितीतरी मोटारींत मॅग्नेटोच्या कॉइल, पॉइंट, कंडेन्सर जवळजवळ तेच ते वापरले. त्यामुळे ते आजही नवीन बनतात. याउलट तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या "आधुनिक" मोटारीचं इलेक्ट्रॉनिक डबडं उडालं तर शोधत बसा. जुनं म्हणजे भरवशाचं नाही, हे सरसकट खरं नाही ते असं.

पण बघून घ्यायला हवं. मी यादी केलीय, आणि ती करताना सारखे बाबा आठवत होते. आमच्याकडे चिपळूणला टू-स्ट्रोक बजाज होती. ज्यांच्या घरी ती होती त्यांना मी काय सांगणार! पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, सुरू नाही झाली की तिरकी करायची, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि देवाचं नाव घेऊन किक. ही जॉन्सन त्याच जातीची. फक्त किकच्या जागी दोरी.

विकणाऱ्याकडे पोचल्या पोचल्या इंजिनला हात लावून बघायचा. गरम लागलं, तर आपण यायच्या आधी त्यांनी ती चालवून ठेवली आहे, आणि खरी परीक्षा असते ती थंड मोटार सुरू होण्याची. मग दोन्ही प्लग काढून गेज लावायचा. आकडा नेमका किती यापेक्षा दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकाने मान टाकली असेल तर नमस्कार करून परत यायचं, तिथे दया दाखवायची नाही. ठिणगी पाव इंच तरी उडी मारणारी हवी. त्या काळच्या कॉइलवरचं आवरण तडकतं आणि ठिणगी मरते, पण ते घाबरण्यासारखं नाही, कॉइल बदलता येते. चाक काढायला पुलर लागतो, तो उसना मिळेल. खालच्या गिअरच्या पेटीतलं तेल मात्र थेंबभर काढून बघायचंच. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरतंय. आमच्याकडच्या थंडीत ते पाणी गोठतं, फुगतं आणि पेटीच फोडतं. मग अडीचशे डॉलरचा फक्त कागद दाबायला वजन म्हणून उपयोग.

आणखी एक, नवख्या माणसाला घाम फोडणारं. आजच्या मोटारी मागून पाण्याची बारीक धार सोडतात, त्यावरून कळतं की थंड करणारं पाणी फिरतंय. या जुन्या मोटारीला ती धार नाही. पायाच्या मागच्या भोकांतून नुसते तुषार येतात. ते येत असतील तर सगळं ठीक. नसतील तर खालच्या पंपातला रबरी पंखा कडक झालाय, आणि तो तसाही बदलायचाच असतो.

टाकीबद्दल मात्र मी ठाम आहे. १९५७च्या मोटारीला पेट्रोलचा पंप नाही. इंजिनच एका नळीतून टाकीत हवा दाबतं आणि दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर येतं. म्हणजे तुमच्या पायाशी दाबाखाली असलेलं पेट्रोल, आणि झाकणाचं रबर जवळजवळ सत्तर वर्षांचं! सगळी रबरं आणि दोन्ही नळ्या नवीन केल्याशिवाय मी त्या टाकीशेजारी माझ्या लेकीला बसवणार नाही. शिवाय पेट्रोल बिनइथेनॉलचं शोधायचं. त्या काळी कार्ब्युरेटरमधला तरंगा बुचाचा असायचा, त्यावर लाखेचा लेप. इथेनॉल तो लेप खातं. आणि तेल चोवीसास एक, म्हणजे गॅलनला साडेपाच औंसाच्या आसपास.

आता एवढ्या तेलाचं होतं काय? या बाबतीत माझ्याकडे मोटारीच्या बाजूने बोलायला काही नाही. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनातलं साधारण पाव पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, आणि आउटबोर्डमध्ये ते जातं थेट पाण्यात. लेक टाहोवर १९९९पासून कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक मोटारींना बंदी आहे, ती उगाच नाही. "माझी एकच तर मोटार, तीही उन्हाळ्यात दहा वेळा" असं मी स्वतःला सांगतो खरा, पण तळ्यावरचा प्रत्येक जण हेच सांगू शकतो. ज्या तळ्यातून लोक पिण्याचं पाणी घेतात तिथे ही नेऊच नये असं माझं मत आहे. आमच्या तळ्यावर ती घडीभर फिरवणं मला चालतं, अभिमानाने नाही, पण चालतं.

बायकोचं म्हणणं सरळ आहे. होडी पुढे जाण्यासाठी मोटार हवी असेल तर दीड-दोन हजार डॉलरला नवी फोर-स्ट्रोक मिळते. धूर नाही, तेल मिसळणं नाही, दोन वर्षांत कधी दुकानात न्यावी लागली तर दुकानदार हाकलणार नाही. आणि ती शंभर टक्के बरोबर आहे. वाऱ्याच्या दिवशी लेकीला घेऊन तळ्याच्या पार जायचं असेल, तर मी स्वतःसुद्धा १९५७वर विसंबणार नाही. ज्याला फक्त मासे धरायचेत त्याने जुनी मोटार घेऊ नये. पहिल्या शनिवारी दोरी ओढून खांदा दुखेल आणि मासे मिळणार नाहीत.

मग मला ती कशाला हवी? जूनमध्ये बाबा येताहेत, तीन महिन्यांसाठी. वय अठ्ठ्याहत्तर. आई गेल्यापासून ते कशालाच हात लावत नाहीत. फोनवर "बरं आहे" याच्या पुढे वाक्य जात नाही. मागच्या खेपेला इथे आले तेव्हा दिवसभर खिडकीतून शेजाऱ्यांच्या गाड्या बघत बसायचे. आम्ही त्यांना धबधबे दाखवले, देऊळ दाखवलं, मॉल दाखवले. त्यांनी सगळं पाहिलं, छान म्हणाले, आणि परत येऊन खिडकीत बसले. माझा अंदाज असा, की त्यांना बघायला काही नकोच आहे. हाताला काम हवंय, आणि तेही खरं. आपल्याला उगाच गुंतवून ठेवलेलं त्यांना चटकन कळतं. या मोटारीचे पॉइंट मला नीट लावता येत नाहीत, हे मात्र अगदी खरं आहे. फीलर गेज घालून वीस हजारांश इंचाची फट कशी "हाताला कळते" ते मला आजवर कळलेलं नाही. बाबांना कळतं.

अर्थात हा डाव फसूही शकतो. ते मोटारीकडे एकदा बघतील आणि "गॅरेजवाल्याकडे दे" म्हणतील. तसं झालं तर गॅरेजमध्ये एक हिरवी जॉन्सन आणि मी उरणार. ती शक्यता धरूनच मी किमतीचा विचार करतोय. अडीचशे डॉलरमध्ये मी मोटार घेत नाहीये, एक उन्हाळा लावून बघतोय. तेवढ्यात इथे आम्ही चौघे एकदा बाहेर जेवून, थोडी खरेदी करून येतो, आणि त्याचा कोणी ब्लॉग लिहीत नाही.

विकणाऱ्या आजोबांशी फोनवर बोललो. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना दोरी ओढवत नाही. एकाने जास्त पैसे देऊ केले होते, पण त्याला ती रंगवून बारच्या भिंतीवर टांगायची होती, म्हणून यांनी दिली नाही. "चालवणार ना?" एवढंच दोनदा विचारलं. मी "वडील चालवतील" म्हणालो, तर म्हणाले की मग पानांचा डबाही देतो, त्यात जास्तीच्या शिअर पिना आणि मूळ पुस्तक आहे.

शनिवारी सकाळी जातोय, गेज आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन. गिअरचं तेल दुधाळ निघालं तर पुस्तकासकट सगळं तिथेच ठेवून येणार. नाही निघालं तर अडीचशे देणार, घासाघीस न करता. बायकोने होकार दिलाय, पण अट घालून: वल्ही होडीतून काढायची नाहीत, आणि लाइफ जॅकेट बाबांनासुद्धा, मग ते वाशिष्ठीत किती का पोहलेले असेनात. ते त्यांना तीच सांगणार आहे.