कागद पुरे, चौकशी अपुरी

माझी खाला नाशिकच्या वडाळा गावात राहते, शिवणकाम करते. गेल्या पावसाळ्यात तिच्या खात्यातून पैसे निघेनात. बँकेत सांगितले, केवायसी जुळत नाही. आधारवर सासरचे 'शेख', पॅनवर माहेरचे 'सय्यद'. तिने निकाहनामा पुढे केला. "हा चालत नाही," म्हणाले. चार वेळा रिक्षाभाडे भरून ती तशीच परत आली.

मी नियम काढून वाचला. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार लग्नानंतर नाव बदलले असेल तर राज्य सरकारचे विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद लागते. म्हणजे काउंटरवरचा माणूस खोटे बोलला नव्हता. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा कायदा १९९८ चा आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे. तरी आपल्याकडे काझींच्या सहीवर सगळे संपते. याचा भुर्दंड बाईलाच पडतो. पण त्याच नियमांत असेही आहे की कमी जोखमीच्या ग्राहकाची माहिती दहा वर्षांतून एकदा अद्ययावत करायची, आणि काही बदलले नसेल तर ग्राहकाचे साधे लेखी निवेदन पुरते. हे मात्र तिला कोणी सांगितले नाही.

आता याच जिल्ह्यातले मालेगाव पाहा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, तिथल्या नामको बँकेच्या शाखेतील खात्यांचे प्रकरण बाहेर आले. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार तरुणांना बाजार समितीत नोकरीचे, मक्याच्या व्यापाराचे आमिष दाखवून त्यांचे आधार, पॅन घेतले गेले. त्यांच्या नावे उघडलेल्या खात्यांतून थोड्याच काळात शंभर कोटींहून अधिक रुपये फिरले. ईडीने महाराष्ट्र-गुजरातेत छापे घातले. किरीट सोमय्यांनी त्याला 'व्होट जिहाद' म्हटले, आणि चर्चा तिकडेच वळली. बँकेच्या कामाचा प्रश्न बाजूला पडला.

तो प्रश्न असा. आधार-पॅन पाहणे ही केवायसीची फक्त पहिली पायरी. २००२ चा मनी लाँडरिंगविरोधी कायदा आणि त्याखालचे नियम पुढचेही विचारायला सांगतात: खात्याचा खरा लाभार्थी कोण? पैसा कुठून येतो? उलाढाल या माणसाच्या कमाईला शोभते का? हा शेवटचा प्रश्न खाते चालू असेपर्यंत विचारत राहायचा असतो, आणि उत्तर पटले नाही तर दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवायचे असते. बेरोजगार पोराच्या खात्यात कोटी उतरतात तेव्हा त्याच्या पॅनचे स्पेलिंग बरोबर असण्याला काय अर्थ?

गंमत पाहा. ज्याच्याकडे पुरेसे कागद नाहीत त्याला बँकेसमोर फोटो आणि अंगठा देऊन 'स्मॉल अकाउंट' उघडता येते. त्यात महिन्याला दहा हजारांवर काढता येत नाहीत, वर्षाला लाखावर भरता येत नाहीत. गरिबाला कुंपण कसे घालायचे हे व्यवस्थेला चांगले ठाऊक आहे.

मोहल्ल्यातल्या मुलांनाही सांगायला हवे. कमिशनसाठी, नोकरीसाठी, दोस्तीखातर स्वतःच्या नावाचे खाते, एटीएम कार्ड, सिम कोणाला देऊ नका. पैसा दुसऱ्याचा असला तरी पहिली नोटीस तुमच्या दारावर येते. जुम्म्याच्या नमाजनंतर हे दोन मिनिटांत सांगता येईल. निकाहाच्या दिवशीच विवाहनोंदणीचा अर्ज भरून घेणारी एक मशीद कमिटी नाशिकमध्ये उभी राहिली तर मी तिथे टेबल टाकून बसायला तयार आहे.

खालाचे पती हयात नाहीत, त्यामुळे आता नोंदणी करून घेण्यापेक्षा आम्ही राजपत्राचा मार्ग धरला. अर्ज केला आहे. तोवर शिलाईचे पैसे ती डब्यात ठेवते.