मंदीत माणसं नव्हे, पाळ्या कमी करा

कापसाची आवक घटली की मानवतच्या जिनिंगमध्ये पहिली कात्री हजेरीपटाला लागते. ‘उद्यापासून निम्मीच माणसं आण,’ असा निरोप मुकादमाला जातो. इथे मनुष्यबळ विभागाची वेगळी खोली नसते. मुनीम आणि मुकादम मिळून तेच काम करतात. चाकणच्या कारखान्यात ते पदवीधर अधिकारी करतो, पण मंदीत त्याचाही हात आधी हजेरीपटाकडेच जातो. ही रीत चुकीची आहे आणि धंद्याच्याही मुळावर येणारी आहे.

मजुरी वाचवली की कारखाना वाचतो, असं सांगितलं जातं. जिनिंगपुरतं तरी हे खरं नाही. क्विंटलमागे सात-आठ हजार मोजणाऱ्या या धंद्यात पैसा अडकतो तो कापसात. २०२१-२२ च्या हंगामात भाव दहा हजारांपलीकडे गेले, पुढच्या हंगामात उतरले. चढ्या भावाने साठा केलेल्यांना खोट आली ती त्या साठ्यापायी. फिटरच्या पगाराने कोणी बुडालं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांसाठी उठवलं आणि त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय कापडावरचं वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. दिल्ली-वॉशिंग्टनच्या या निर्णयांची किंमत कापूस निवडणाऱ्या बाईने रोजी गमावून का चुकवायची?

‘धंदा हंगामी आहे, कायद्याने आम्ही बांधलेले नाही,’ हे दुसरं उत्तर. कामाअभावी बसवून ठेवलेल्या कामगाराला निम्मं वेतन देण्याची १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली तरतूद हंगामी कारखान्यांना लागू नव्हती, हे खरं आहे. त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेनेही ती सूट ठेवली. पण सूट आहे म्हणून द्यायला बंदी नाही.

आणि ‘माणसं काय, दिवाळीला पुन्हा मिळतात,’ हे तर सगळ्यात घातक. जिनचा रोलर आणि पातं यांतलं अंतर हाताच्या अंदाजाने जुळवणारा फिटर एका हंगामात तयार होत नाही. ते अंतर चुकलं की सरकी फुटते, रुईत कचरा उतरतो, गाठीचा भाव पडतो. असा माणूस एकदा पुण्याकडे गेला की बहुधा परतत नाही.

म्हणून आधी पाळ्या कमी कराव्यात, आठवड्याचे दिवस सगळ्यांत वाटून घ्यावेत, यंत्रांची दुरुस्ती बाहेर न देता याच माणसांकडून मजुरी देऊन करून घ्यावी, उचलीची वसुली थांबवावी. मालकाने स्वतःची उचलही याच काळात कमी करावी. त्याशिवाय कामगार हिशेबावर विश्वास ठेवणार नाही. २००९ मध्ये जर्मनीचं राष्ट्रीय उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, पण कामाचे तास घटवून आणि बुडालेल्या मजुरीचा वाटा सरकारने उचलून तिथे बेकारी फारशी वाढू दिली नाही. आपल्याला तर तिकडे पाहायचीही गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लोकांना कामावर घेतलं, वि. स. पागे यांच्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचं रूप मिळालं. ते दिवस पाहिलेली माणसं मराठवाड्यात अजून आहेत.

कारखाना खरंच बुडत असेल तर कपात टळणार नाही, हे मी मान्य करतो. मग महिनाभर आधी सांगा, हिशेब हातात द्या, नावांची यादी जपून ठेवा. खंडेनवमीला जिनला हार घालाल, त्याच दिवशी त्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरी कामावर बोलावण्याचा निरोप थेट मुनीमाने न्यावा.