फदकची बाग आणि फुफीची कलमं

मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात एका मुलीने आम्हाला विचारले, "फदक म्हणजे काय?" शेजारच्या शिया कुटुंबात अय्यामे फातिमियाची मजलिस होती. मैत्रिणीबरोबर ती तिथे गेली होती आणि हा शब्द ऐकून आली होती. घरी विचारले तर अब्बा म्हणाले, "असल्या गोष्टी विचारायच्या नसतात." खरे सांगायचे तर आम्हीही क्षणभर चाचरलो. "उद्या सांगतो," म्हणून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर वाटले, आपण गप्प बसलो तर हे मूल अर्धी गोष्ट इकडून ऐकेल, अर्धी तिकडून, आणि दोन्हीकडून फक्त राग शिकेल. त्यापेक्षा आपणच अदबीने सांगितलेले बरे.

फदक हे हिजाजमधले खैबरजवळचे एक सुपीक गाव. मदिनेहून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. पाण्याचे झरे, खजुरीच्या बागा. आज तो भाग सौदी अरबच्या हाईल प्रांतात अल-हाइत या नावाने ओळखला जातो. हिजरी ७ मध्ये (इ.स. ६२८) खैबर जिंकल्यावर फदकच्या यहुदी रहिवाशांनी लढाई न करताच प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याशी तह केला आणि निम्मी जमीन देऊ केली. लढाईशिवाय मिळालेल्या अशा मालाला 'फय' म्हणतात. सूरह हश्रच्या सहाव्या-सातव्या आयतीत त्याचा हुकूम आहे. असा माल सैनिकांत वाटला जात नाही. तो अल्लाहच्या प्रेषितांच्या हाती असतो, आणि त्यात नातलग, अनाथ, गरजू व वाटसरू यांचा हक्क असतो. प्रेषित (स.) फदकचे उत्पन्न याच कामी लावत.

हिजरी ११ मध्ये प्रेषितांचे (स.) निधन झाले. ह. अबू बक्र (रजि.) खलीफा झाले आणि ह. फातिमा (रजि.) यांनी फदकची मागणी केली. इथून दोन वाटा फुटतात.

शिया बांधवांचे म्हणणे असे की, नातलगाला त्याचा हक्क द्या हा सूरह बनी इस्राईलमधला हुकूम आला तेव्हा प्रेषितांनी (स.) हयातीतच फदक आपल्या लेकीला हिबा म्हणून दिले. तिची माणसे तिथे काम पाहत होती, म्हणजे ताबाही तिचाच होता. साक्षीला ह. अली (रजि.) आणि ह. उम्मे ऐमन (रजि.) उभे राहिले, पण साक्ष पुरी धरली गेली नाही. तेव्हा ह. फातिमा (रजि.) यांनी वारसाहक्क मांडला. ह. सुलैमान (अ.) हे ह. दाऊद (अ.) यांचे वारस झाले, हे कुरआनच सांगते, याची त्यांनी आठवण दिली. मशिदीत त्यांनी जे भाषण केले म्हणतात, ते 'खुतबा-ए-फदक' म्हणून शिया घरांतल्या मुलामुलींना आजही शिकवले जाते.

सुन्नी उलेमांचे म्हणणे असे की, ह. अबू बक्र (रजि.) यांनी प्रेषितांकडूनच (स.) ऐकले होते की पैगंबरांच्या मालाला वारस नसतो, मागे राहते तो सदका असतो. जे काम प्रेषितांनी (स.) जसे केले, त्यात आपण तसूभर बदल करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. त्या उत्पन्नातून प्रेषितांच्या घरच्यांचा खर्च चालत राहील, हेही त्यांनी सांगितले. ह. फातिमा (रजि.) नाराज झाल्या, हे सहीह बुखारीतही आहे. सहा महिन्यांत त्या अल्लाहला प्यारी झाल्या. ह. अबू बक्र (रजि.) यांनी आजारपणात त्यांना भेटून त्यांचे मन वळवले, अशी रिवायत इमाम बैहकींनी नोंदवली आहे. शिया ती मानत नाहीत.

पुढे ह. अली (रजि.) स्वतः खलीफा झाले, पण त्यांनी फदक परत घेतले नाही. सुन्नी म्हणतात, पहिला निर्णय त्यांना मान्य होता. शिया म्हणतात, त्यांनी तो न्याय अल्लाहवर सोडला होता. उमय्या काळात ही जमीन मरवानच्या घराण्याकडे गेली. त्याच घराण्यातले हजरत उमर बिन अब्दुल अजीज खलीफा झाले, तेव्हा त्यांनी आपल्या घरात वारशाने आलेले फदक सोडले आणि त्याचे उत्पन्न ह. फातिमा (रजि.) यांच्या वंशजांकडे वळवले. त्यांच्यानंतर ते पुन्हा काढून घेतले गेले. अब्बासी खलीफांपैकी कुणी दिले, कुणी घेतले. हिजरी २१० मध्ये (इ.स. ८२६) मामूनने लेखी हुकूम काढून ते परत केले, तर मुतवक्किलने पुन्हा घेतले. शिया मनात तोवर फदक ही नुसती बाग राहिली नव्हती. इमाम मूसा काझिम यांना खलीफाने फदकच्या सीमा विचारल्या, तेव्हा त्यांनी जवळजवळ साऱ्या खिलाफतीच्याच सीमा सांगितल्या, अशी कथा त्यांच्याकडे आहे. हिरावलेल्या हक्काचेच नाव फदक झाले.

चौदाशे वर्षांचा हा वाद आम्ही एका पानात मिटवणार नाही. आमची ती लायकीही नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या किताबांत सारखीच आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ह. फातिमा (रजि.) यांना कुणीही असे म्हटले नाही की, "तुम्ही लेक आहात, तुम्ही हक्क मागायला कशाला आलात?" वाद होता तो पैगंबरांच्या मालाला वारसा लागू होतो का आणि हिबा सिद्ध झाला का, एवढाच. मागणाऱ्या लेकीला कुणी नावे ठेवली नाहीत.

आता आपल्या घरांकडे पाहू. आमच्या आजोबांनी फुफीला आंब्याची चार कलमं दाखवून म्हटले होते, "ही तुझी." हिबा पक्का व्हायला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने दिले म्हणणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. इथे ताबा दिला गेला नाही, कागद झाला नाही, साक्षीला कुणी बसवले नाही. आजोबा गेल्यावर कलमं भावांकडेच राहिली. हिबा नाही तर नाही, पण वारशाचा वाटा तरी? फुफी म्हणाली, "भावांशी भांडून माहेर कशाला तोडू?" आणि तिने हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. सगळे म्हणाले, "केवढ्या मोठ्या मनाची!" तिच्या वाट्याचे आंबे आम्हीही वर्षानुवर्षे खाल्ले. कधी विचारले नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. लेकीला काही द्यायचे असेल तर हयातीत द्या, लिहून द्या, साक्षीदार बसवा, ताबा द्या. आणि वारशाची वेळ आली तर बहिणीने मागण्याची वाट पाहू नका. तिचा वाटा सूरह निसामध्ये अल्लाहने ठरवून दिला आहे, तो तुमच्या मेहरबानीचा नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला आम्ही दोन्ही बाजू सांगितल्या आणि म्हटले, "मैत्रिणीच्या घरी हा विषय निघाला तर ऐकून घे. कुणाच्याही थोरांबद्दल वाईट बोलू नकोस." तिने मान हलवली आणि विचारले, "मग तुमच्या फुफीला कलमं परत दिली का?"

येत्या सुट्टीत गावी जाऊन चुलत्यांपुढे हा विषय काढायचा, असे आम्ही ठरवले आहे. फुफी आता सत्तरीची आहे. अल्लाह आम्हाला आणि आपणा सर्वांना हक्कदाराचा हक्क पोहोचवण्याची तौफीक देवो. आमीन.