विष उपसले, हिशेब कोणी द्यायचा?

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळहून बारा कंटेनर निघाले. युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा त्यांत भरलेला होता. कडक पोलीस बंदोबस्तात सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापून तो धार जिल्ह्यातील पीथमपूरला पोहोचला. ३ जानेवारीला पीथमपूर बंद झाले. हजारो लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेतले. ज्या कामाची वाट भोपाळ चाळीस वर्षे पाहत होते, ते अखेर सुरू झाले आणि दुसरे एक गाव भयाने पेटून उठले. असे का व्हावे?

सातपुड्यापलीकडची बातमी म्हणून वऱ्हाडातील वाचकाने हा प्रश्न बाजूला सारू नये. भोपाळच्या त्या कारखान्यात जे कीटकनाशक तयार होत असे, त्याचे नाव सेव्हिन. कपाशीवरील किडीसाठी ते वापरले जाई. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री ज्या मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारोंचे प्राण घेतले, तो वायू याच कीटकनाशकाचा कच्चा माल होता. अकोटची बाजारपेठ कपाशीवर उभी आहे. तेव्हा भोपाळशी आपला संबंध केवळ सहानुभूतीचा नाही. तो आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचतो.

पीथमपूरला काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी कचरा हलविण्यासाठी चार आठवड्यांची मुदत दिली. प्रशासनाने मुदत पाळली, वाहतूक निर्विघ्न केली. परंतु ज्यांच्या दारात हा कचरा यायचा होता, त्यांच्याशी पुरेसे बोलणे झालेच नव्हते. ही भीती केवळ अडाणी माणसांची होती असेही कोणी समजू नये; इंदूरमधील डॉक्टरांची संघटनाही न्यायालयात गेली. आंदोलन भडकल्यानंतर न्यायालयाने शासनाला सहा आठवडे दिले, आणि मग लोकांना समजावून सांगण्याचे काम हाती घेण्यात आले. फेब्रुवारीअखेर चाचणी सुरू झाली. दहा दहा टनांच्या तीन चाचण्यांनंतर उरलेला कचरा जाळण्याचे काम जूनअखेर पूर्ण झाले. तेच यंत्र, तोच कचरा, तीच माणसे. जे फेब्रुवारीत सांगितले, ते डिसेंबरात सांगता आले नसते काय?

आता एक साधी गोष्ट. ३३७ टन कचरा जाळल्यावर राख व अवशेष मिळून आठशे टनांहून अधिक उरले. सामान्य माणूस विचारणारच की जाळल्यावर वस्तू वाढते कशी? उत्तर सोपे आहे. ज्वलनातील घातक वायू शोषून घेण्यासाठी चुना व इतर द्रव्ये मिसळावी लागतात, त्यांचे वजन अवशेषांत येते. हे आधी सांगितले तर ती माहिती ठरते. नंतर कोणाच्या तरी तोंडून कळले तर ती लपवाछपवी ठरते. या राखेचे दफन कोठे व्हावे, यावरून पुन्हा न्यायालयात प्रश्न उभे राहिले, यात नवल ते काय?

त्याहून महत्त्वाचे ते पुढेच आहे. हलविलेल्या ३३७ टनांपैकी १६२ टन तर कारखान्याच्या आवारातील मातीच होती. नागपूरच्या ‘नीरी’ने आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने २०१० साली दिलेल्या अहवालात दूषित मातीचा अंदाज तब्बल ११ लाख टनांचा होता. म्हणजे वजनाच्या हिशेबाने सव्वातीन हजारांतील एक वाटा हलला. ‘भोपाळचा कचरा गेला’ हा मथळा खोटा नव्हता, पण अपुरा होता. अर्धे सत्य सांगून मिळविलेला निर्धास्तपणा लोकांच्या विहिरीला उपयोगी पडत नाही.

विहिरीचा विषय वऱ्हाडाला समजावून सांगावा लागत नाही. अकोट, तेल्हारा परिसरातील खारपाणपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसे जगत आली आहेत. पाणी दिसायला निवळशंख, पण पिण्याजोगे नाही, हा अनुभव येथील घराघराचा आहे. वान धरणाचे पाणी आले तेव्हा गोड्या पाण्याचे मोल कळले. क्षार निदान जिभेला कळतात. कीटकनाशकाचे अंश, पारा, क्रोमियम यांना ना चव, ना वास. अशा वेळी नागरिकाचे डोळे आणि जीभ म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल. तो कचेरीतील कपाटात पडून राहिला तर माणूस आंधळा होतो.

जगानेही हा धडा मोठी किंमत मोजून घेतला आहे. १० जुलै १९७६ रोजी इटलीतील सेवेसो परिसरात एका कारखान्यातून डायऑक्सिन हे जहाल विष हवेत पसरले. लोकांना घरांतून हलविण्यास दोन आठवडे लागले. पुढे १९८२ साली तेथील विषारी अवशेषांची ४१ पिंपे देशाबाहेर गेली आणि बेपत्ता झाली. १९८३ मध्ये ती फ्रान्समधील एका खेड्यातल्या बंद कत्तलखान्यात सापडली! स्वच्छ केले म्हणजे नेमके कोठे टाकले, हे न विचारणाऱ्या समाजाच्या वाट्याला हे येते. त्याच सेवेसोचे नाव धारण करणाऱ्या युरोपच्या १९८२ च्या निर्देशाने लोकांना माहिती देणे बंधनकारक केले. दूषित माती जेथे पुरली, तेथे आज ओकवृक्षांचे उद्यान आहे, आणि खाली काय आहे ते कोणापासूनही लपविलेले नाही.

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. घातक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम धोक्याच्या टापूतील लोकांना माहिती द्या असे सांगतात. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गट नेमले. २००५ चा माहिती अधिकार कायदा तर कोणी मागण्याआधीच माहिती प्रसिद्ध करण्यास सांगतो. जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियमही आले. अशा संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आहे. उणीव आहे ती कागदावरचे शब्द माणसापर्यंत नेण्याची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हाही डब्यावर इशारा छापलेला होताच. तो वाचण्याजोगा नव्हता, आणि वाचून दाखविणारे कोणी नव्हते.

अधिकारी म्हणतात, सगळे सांगितले तर लोक घाबरतात. कोणी तरी त्याचे भांडवल करतो. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. अफवा पसरविणारे सर्वत्र असतात. परंतु अफवेला जागा मिळते ती मौनामुळे. पीथमपूरचे लोक माहितीमुळे घाबरले नाहीत, माहितीच्या अभावामुळे घाबरले. आपला समाज संकट सोसतो; फसविले गेल्याची भावना मात्र सोसत नाही.

म्हणून सफाईच्या कामात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरलेली असावी. काय सांडले, किती उपसले, कोठे नेले, काय उरले आणि पुढची तपासणी कधी, या पाच प्रश्नांची उत्तरे ठरलेल्या तारखेला, सोप्या मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावीत. ग्रामसभेत ती वाचली जावीत. आकड्यासोबत सुरक्षित मर्यादाही लिहावी, म्हणजे अर्थ कळेल. प्रगती नसेल, तर प्रगती नाही असेही स्वच्छ लिहावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती नियमितता.

आणि येथे केवळ शासनाकडे बोट दाखवून भागणार नाही. शिक्षक, डॉक्टर, कृषी पदवीधर, गावोगाव फिरणारे कार्यकर्ते यांनी अहवाल मागावेत, समजून घ्यावेत, समजावून सांगावेत. भय वाढविणे हे जसे लोकसेवेचे काम नव्हे, तसे खोटा दिलासा देणेही नव्हे. भोपाळची ती रात्र एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या बेपर्वाईतून आली. त्यानंतरची चाळीस वर्षे मात्र आपल्याही अनास्थेची आहेत. विष उपसणे हे तंत्रज्ञाचे काम आहे. त्याचा हिशेब मागणे हे जागृत समाजाचे काम आहे, आणि ते आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही.