फाटका बंपर आणि तापलेलं उलथनं

गावाकडं प्लास्टिकच्या घागरी नव्या होत्या, त्या काळात घागर तडकली म्हणून कुणी ती उकिरड्यावर टाकत नसे. आमची आई चुलीत उलथन्याचं टोक तापवायची, जुन्या फुटक्या घागरीचा बोटभर रुंद तुकडा कापून चिरेवर धरायची आणि तापल्या उलथन्यानं दोन्ही एकमेकांत मुरवून टाकायची. धूर व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं. पण तीच घागर पुढं दोन उन्हाळे पाणी धरायची. एकदा मी शहाणपणा करून पीव्हीसी पाईपचा तुकडा आणून दिला. आई म्हणाली, "लेका, ते न्हाई धरायचं. घागरीला घागरच लागती." तिनं रसायनशास्त्र वाचलं नव्हतं. पण पाईपाचं प्लास्टिक वेगळं, घागरीचं वेगळं आणि दोन्ही एकमेकांत मुरत नाहीत, हे तिच्या हाताला ठाऊक होतं.

ही आठवण निघाली ती गाडीच्या बंपरवरून. गेल्या पावसाळ्यात मळ्याच्या वाटेवर मोरीपाशी माझी जुनी गाडी जरा पुढं गेली आणि बंपरचा खालचा काठ दगडापलीकडं जाऊन बसला. मला ते दिसलं नाही. गाडी मागं घेतली, तसा काठ दगडाला अडकला आणि टर्रकन वीतभर फाटला. तालुक्याच्या गॅरेजात दाखवला. मिस्त्री पोरगा वाकून बघतो न बघतो तोच म्हणाला, "काका, ह्यात दुरुस्त करण्याजोगं काय न्हाई. नवा घालू. क्लेम टाका की, तुमच्या खिशातलं काय जातंय?"

ह्या एका वाक्यावरच आज लिहायचं आहे. कारण हे वाक्य आता सगळीकडं ऐकू येतं आणि आपण माना डोलावतो. खिशातलं काय जातं, त्याचा हिशेब एकदा मांडून बघूच.

गावातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांचा विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरता असतो. कायद्यानं तेवढा सक्तीचा, म्हणून तेवढाच काढलेला. अशा माणसाला स्वतःच्या बंपरचा क्लेम मिळतच नाही, सगळं खिशातूनच. ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांनी आपली पॉलिसी उघडून बघावी. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा धरतात. म्हणजे समजा बंपर ६ हजारांचा, तर विम्याचे ३ हजार. त्यातून लहान गाडीला सक्तीचे १ हजार रुपये आपल्याकडं राहतात. उरले २ हजार, वर थोडी मजुरी आणि रंगाचा काही भाग. आता दुसरी बाजू बघा. क्लेम न घेतलेल्या वर्षांबद्दल स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. एक क्लेम घेतला की ही सूट शून्यावर येते. मूळ हप्ता ६ हजार धरला, तर काल ३ हजार भरणारा माणूस पुढच्या वर्षी ६ हजार भरणार. त्याच्या पुढच्या वर्षी ४,८०० भरणार. दोनच वर्षांत ४,८०० रुपये जादा गेले! ज्यांनी जादा पैसे भरून घसारामाफी किंवा सूट राखण्याची सोय घेतली आहे, त्यांचा हिशेब वेगळा. पण बाकीच्यांनी वीतभर चिरेसाठी क्लेम टाकणं म्हणजे शेळीच्या चाऱ्यासाठी उभा ऊस कापण्यासारखं आहे.

तेव्हा मी बंपर घरी आणला आणि दोन संध्याकाळी बसून सांधला. कसा, ते सांगतो. पुष्कळांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, बंपर कशाचा आहे ते ओळखा. काढून उलटा केला की आतल्या बाजूला प्लास्टिकची जात अक्षरांत उठवलेली सापडते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना 'पीपी' आणि त्यापुढं 'ईपीडीएम' अशी अक्षरं असतात. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात लवचीकपणासाठी रबर मिसळलेलं. ह्या प्लास्टिकला झटपट चिकटणारे डिंक नीट धरत नाहीत. लोक ट्यूब पिळतात, महिनाभरानं चीर पुन्हा तोंड उघडते आणि मग म्हणतात, प्लास्टिक काय दुरुस्त होत नसतं. दोष प्लास्टिकचा नाही, औषध चुकलं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं, आणि त्याला त्याच जातीचं प्लास्टिक वितळवूनच जोडावं लागतं. भंगारवाल्याकडं फुटके बंपर पडलेले असतात. तीच अक्षरं बघून एक तुकडा घ्या आणि कात्रीनं त्याच्या बारीक पट्ट्या करा. घागरीला घागर, ती हीच.

दुसरी गोष्ट, घाई करू नका. बंपर ओढून काढू नका. चाकाच्या कमानीत आणि खाली स्क्रू अन् क्लिपा असतात, त्या शोधून सोडवा. धुक्याच्या दिव्याची किंवा सेन्सरची वायर असेल तर आधी बॅटरी सोडा, मग वायर काढा. आतून बाहेरून साबणानं धुऊन कडक वाळवा. वाकला असेल तर उकळतं पाणी ओतून हातमोजे घालून हलके दाबा, पुष्कळसा आकार परत येतो. चिरेच्या दोन्ही कडा जुळवून बाहेरून रुंद चिकटपट्टी लावा. आणि जिथं चीर संपते तिथं ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा. ह्या भोकानं चीर पुढं पळायची थांबते.

मग काम आतल्या बाजूनं. रेडिओ दुरुस्तीचं २५ वॅटचं सोल्डरिंग इथं पुरत नाही. ६० वॅटच्या पुढचं घ्या. आधी चिरेवर आडवे चार-पाच टाके द्या. मग चिरेच्या रेषेत निम्म्या जाडीपर्यंत चर पाडा आणि पट्टी वितळवत तो भरा. त्यावर स्टीलची बारीक जाळी ठेवायची. जुन्या चहाच्या गाळणीची चालते. ती सोल्डरिंगनं तापवत प्लास्टिकात बुडवा आणि वरून पुन्हा पट्टीचा थर द्या. गार होऊ द्या, पाणी मारू नका. मग बाहेरची चिकटपट्टी काढून तिकडूनही तसाच उथळ चर भरा. प्लास्टिक तपकिरी पडून धूर सुटला तर ते वितळत नाही, जळतंय. जळलेला सांधा टिकत नाही. हे सगळं उघड्यावर, तोंडाला फडकं बांधून आणि गाडीच्या पेट्रोलपासून लांब करायचं. सोल्डरिंगला अर्थिंग असलंच पाहिजे.

शेवटी ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासत ३२०, ४०० पर्यंत यायचं, प्लास्टिकसाठी मिळणारा प्रायमर मारायचा, लवचीक लांबी हलकी भरायची आणि रंग. रंगाचा खटाटोप नको असेल तर नका करू. आमच्या गाडीची चीर खालच्या काठाला होती. मी रंग मारलाच नाही. वर्ष होत आलं, सांधा धरून आहे.

"पण सांधलेला दिसतो की!" असं काही जण म्हणतील. दिसतो. ठिगळ दिसतंच. पण आपण ठिगळाची लाज कधीपासून धरायला लागलो? बैलाचं नांगराचं युग गेलं, कल्हईवाला गेला, छत्रीवाला गेला. त्यांच्याबरोबर 'आधी दुरुस्त होतंय का बघू' हे वाक्यही गेलं. शेतात एचडीपीईचा पाईप फुटला तर आपणच तापल्या तव्याला दोन्ही तोंडं टेकवून ती एकमेकांवर दाबतो ना? तो जोड पाण्याचा दाब सोसतो. मग तेच हात बंपरपुढं लुळे का पडावेत?

आता दुसरी बाजूही तितक्याच ठणठणीतपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख कुणाच्या जिवावर उठेल. ॲम्बॅसडर आणि पद्मिनीचा बंपर लोखंडी होता. तो स्वतःच धक्का खायचा आणि हातोड्यानं सरळ व्हायचा. आजचं जे प्लास्टिक आपण बंपर म्हणतो ते नुसतं पांघरूण आहे. धक्का सोसणारा आडवा दांडा त्याच्या मागं असतो. पांघरूण घरी शिवा, हाडाला हात लावू नका. दांडा वाकला असेल, ज्या कानांवर बंपर बसतो ते मुळातून तुटले असतील, एअरबॅगच्या सेन्सरच्या आसपास मार असेल, तर गॅरेज गाठायचं. तिथं पैसा बघायचा नाही. २०१९ च्या जुलैपासून नव्या मोटारींना मागं पार्किंगचे सेन्सर सक्तीचे आहेत. त्यांच्या भोकांवर लांबी थापली तर ते आंधळे होतात. आणि कुणाला इजा झालेली असेल तर बंपर सांधायचा नाही. आधी पोलीस आणि विमा कंपनी, मग बाकीचं.

तसंच फाटलेला बंपर सुतळीनं बांधून हायवेला जाऊ नका. वाऱ्यानं सुटलेला तुकडा मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जातो. आणि 'पुन्हा फाटायला नको' म्हणून पुढं लोखंडी गार्ड बसवायचा विचार असेल तर तो सोडा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०१७ च्या डिसेंबरातच अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. ते गार्ड पायी चालणाऱ्याला जास्त मारतात आणि धक्क्याचा जोर थेट सांगाड्यावर नेतात.

गॅरेजच्या त्या पोरावर माझा राग नाही. त्याला बदलायलाच शिकवलंय. सांधायला कुणी शिकवलंच नाही. छत्रपती संभाजीनगरात 'सिपेट' ही केंद्र सरकारची प्लास्टिकचं शिक्षण देणारी संस्था आहे, आणि तालुक्यातालुक्याला आयटीआय आहेत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या पोरांना प्लास्टिक सांधायचे आठ दिवस जादा शिकवले तर काय बिघडेल? बंपर, ट्रॅक्टरचं बॉनेट, फवारणीच्या पंपाची टाकी, पाण्याची टाकी. एका हत्यारावर एका पोराचं पोट भरेल एवढं काम एकेका गावात पडून आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात शेती अवजारं आणि वाहनंही घेतली. हक्क कागदावर आला. तो वापरणारे हात गावात तयार व्हायला हवेत.

आणि गॅरेजवाल्यांना एकच विनंती. गिऱ्हाईक आलं की दोन आकडे सांगा, बदलायचा एक आणि सांधायचा एक. निवड त्याला करू द्या. अवघड जागेचं दुखणं असेल तर तो आपणहून नवा घालील.

बंपर बसवला त्या दिवशी आई ओट्यावर बसून बघत होती. आता तिला नीट दिसत नाही. तिनं सांध्यावरनं बोट फिरवलं आणि विचारलं, "त्याच जातीचं घातलंस न्हवं?"

म्हटलं, "व्हय, त्याच जातीचं."

"मग धरंल," म्हणाली.