रोबोट कसले दाखवता, इंजेक्शन कुठे आहे ते सांगा!

कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत क्रांती झाली, असे आम्हाला रोज सांगितले जाते. जाहिरातीत रोबोटचे हात असतात, चकचकीत ऑपरेशन थिएटर असते. पॅकेज किती, ते मात्र फोन केल्यावरच कळते. आम्ही विज्ञानाचे विरोधक नाही. बाबासाहेबांच्या अनुयायांवर तो आरोप कोण करील? पण प्रगती कशाला म्हणायचे, हे ठरवण्याचा मक्ता आम्ही बाजाराला दिलेला नाही.

२०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर सुरुवातीलाच सापडलेल्या स्त्रियांमध्ये, पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया आणि दुर्बिणीने किंवा रोबोटने केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना अनेक देशांत झाली. साडेचार वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्या स्त्रिया जुन्या पद्धतीत ९६.५ टक्के, नव्या पद्धतीत ८६ टक्के. छेद लहान, टाके कमी, आणि मरण जास्त! इतर काही कॅन्सरमध्ये रोबोटचा उपयोग होतो, हे मान्य. पण नवे यंत्र म्हणजे नवे आयुष्य, हे समीकरण खोटे आहे.

आता परळला या. टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाचा कॅन्सर झालेल्या सुमारे १६०० स्त्रियांवर देशातल्या ११ केंद्रांत चाचणी घेतली. गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन टोचायचे. दात काढताना देतात तेच बधिर करणारे औषध! पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. निष्कर्ष २०२३ साली छापून आले. खर्च शंभर रुपयांच्या आत. याचे होर्डिंग कुठे पाहिलेत? शंभर रुपयांत कुणाचे पोट भरणार!

पण हा फायदा जिची गाठ थेट काढता येते तिला, म्हणजे जी वेळेवर पोचली तिला. आमच्या वस्तीतली बाई वेळेवर पोचणार कशी? दवाखान्यात गेली तर रोज बुडतो. ऊसतोडीला खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. २०१९ साली बीडचे प्रकरण गाजले ते आठवा. 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या. कॅन्सर नसलेल्या पोटावर सुरी लगेच चालते, आणि खरोखर गाठ आलेल्या बाईला साधी तपासणी मिळत नाही. ही जातीची आणि वर्गाची शस्त्रक्रिया आहे. महात्मा फुल्यांच्या नावाची योजना ऑपरेशनचे बिल भरते, पण त्यासाठी आधी निदान व्हावे लागते. ते गावात कोण करणार?

तेव्हा १४ एप्रिलला आरोग्य शिबिर भरवणाऱ्या मित्रांनो, रक्तगट आणि चष्म्याचे नंबर पुरे झाले. स्तन आणि तोंड तपासणाऱ्या प्रशिक्षित सिस्टर बोलवा. आणि माहितीच्या अधिकारात जिल्हा रुग्णालयाला लेखी विचारा: गेल्या वर्षी किती स्त्रियांची स्तनतपासणी केली, संशयित किती निघाल्या, त्यांतल्या किती जणींचे ऑपरेशन किती दिवसांत झाले, आणि ऑपरेशनआधी ते इंजेक्शन दिले का?